आत्याच्या तळहातावरचा करडा स्क्रू

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या आत्यानं पडलेल्या दाढेच्या जागी इम्प्लांट बसवायचं ठरवलं, तेव्हा डॉक्टरांनी एक नमुना तिच्या तळहातावर ठेवला. जेमतेम सेंटिमीटरभर स्क्रू. वरची कड चकचकीत, खालचा भाग राखेसारखा करडा. "डॉक्टर, हा खाली घासायचा राहिलाय का?" "नाही काकू, तो मुद्दाम तसा केलाय. हाड तिथंच धरतं."

स्क्रू टायटॅनियम या धातूचा. मुळात हाड टायटॅनियमला धरतं, हेच योगायोगानं लक्षात आलं. 1952 च्या सुमारास स्वीडनमधल्या लुंड इथं पेर-इंगवार ब्रोनेमार्क हे संशोधक सशाच्या हाडातलं रक्ताभिसरण पाहत होते. त्यासाठी बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण काम संपल्यावर निघेचना. 1940 साली अमेरिकेत मांजरांच्या हाडातही असंच दिसलं होतं, पण ब्रोनेमार्क यांनी त्याचा पाठपुरावा केला आणि 1965 मध्ये पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले.

ते स्क्रू लेथवर कातलेले, बऱ्यापैकी गुळगुळीत होते. खालच्या जबड्यात तीन महिने, वरच्या जबड्यात सहा महिने थांबावं लागे. 1991 मध्ये संशोधक डॅनियल बुझर आणि सहकाऱ्यांनी छोट्या जातीच्या डुकरांच्या हाडात वेगवेगळे पृष्ठभाग तपासले. गुळगुळीत पृष्ठभागावर 20 ते 25 टक्के जागेत हाड टेकलेलं होतं. वाळूचा मारा करून आम्लात बुडवलेल्यावर 50 ते 60 टक्के. आत्याच्या हातातला करडेपणा या वाटेनं आला.

इथपर्यंतचे खड्डे मायक्रॉनमधले, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागातले. हाडाची स्वतःची वीण त्याहून कितीतरी बारीक असते: कोलॅजेन या प्रथिनाच्या धाग्यावर दर 67 नॅनोमीटरला (नॅनोमीटर म्हणजे मायक्रॉनचा हजारावा भाग) पट्टा, आणि खनिजाचे स्फटिक जाडीला जेमतेम काही नॅनोमीटर. शिवाय पेशी धातूला थेट हात लावत नाही. आधी रक्तातली प्रथिनं धातूवरच्या ऑक्साइडच्या थरावर बसतात, मग पेशी त्यांना धरते. म्हणून पकडीच्या जागा किती अंतरावर आहेत, याला महत्त्व आलं.

फ्लोराइड असलेल्या द्रावणात विजेचा दाब देऊन टायटॅनियमवर नॅनोनलिका, म्हणजे नॅनोमीटरमध्ये मोजायच्या बारीक नळ्या, उगवता येतात. दाब बदलला की व्यास बदलतो. 2007 मध्ये जर्मनीतल्या एका गटाला 15 नॅनोमीटरच्या नलिकांवर मूळपेशी (ज्यांच्यापासून हाडाच्या पेशी बनू शकतात) उत्तम रुजताना दिसल्या, आणि 100 च्या आसपास मरताना. 2009 मध्ये अमेरिकेतल्या दुसऱ्या गटाला 70 ते 100 नॅनोमीटरवरच त्या लांब होऊन हाडाच्या पेशींकडे वळताना दिसल्या. मला हा विरोध फार मोलाचा वाटतो. हे प्रयोग प्रयोगशाळेतल्या बशीतले. बशीत ना रक्त असतं, ना चावण्याचा भार, ना तोंडातले जंतू. तिथला आकडा जसाच्या तसा जबड्याला लावता येत नाही. "नॅनो" म्हणून कुणी इम्प्लांट सुचवलाच, तर माणसांच्या जबड्यात तो किती वर्षं टिकलाय, हे जरूर विचारावं.

आत्याला तीन महिने त्या बाजूनं शेव चावायची बंदी होती. मुदत भरल्यावर डॉक्टरांनी स्क्रूवर बारीक हत्यारानं टकटक केलं. सैल असता तर आवाज बद्द आला असता. आला तो खणखणीत, बाजूच्या खुर्चीत मलासुद्धा ऐकू आला.