डिव्हाइस ट्री : बूटलोडरसाठी बोर्डाचे वर्णन

एम्बेडेड बोर्डावर कोणता प्रोसेसर आहे, रॅम कोणत्या पत्त्यापासून सुरू होते आणि किती आहे, कोणत्या बसवर (चिप जोडणाऱ्या सामाईक तारांवर) कोणती चिप जोडली आहे, तिला वीज आणि क्लॉक कोठून मिळतो आणि प्रोसेसरचे लक्ष वेधणारी तिची इंटरप्टची तार कोणत्या पिनवर येते, ही सर्व माहिती प्रोग्रामच्या बाहेर, ठरावीक रचनेच्या स्वतंत्र फाइलमध्ये लिहून ठेवण्याच्या पद्धतीस डिव्हाइस ट्री असे म्हणतात. वीज आल्यावर बोर्ड जागा करून लिनक्ससारख्या कार्यप्रणालीचा कर्नल, म्हणजे गाभा, रॅममध्ये आणणारा आणि त्याच्याकडे सूत्रे सोपवणारा प्रोग्राम म्हणजे बूटलोडर. एम्बेडेड क्षेत्रात यू-बूट हा बूटलोडर फार मोठ्या प्रमाणावर वापरला जातो. डिव्हाइस ट्रीशी बूटलोडरचे नाते दुहेरी असते. एक ट्री तो स्वतः वाचतो आणि त्यावरून आपले ड्रायव्हर, म्हणजे एकेक उपकरण चालवणारे प्रोग्राम, उभे करतो. दुसरी तो कर्नलच्या हाती देतो. नवशिक्यांचा या विषयातील बराचसा गोंधळ या दोन ट्री एकच आहेत असे धरून चालल्यामुळे होतो.

घरच्या संगणकावर अशा वर्णनाची गरज सहसा जाणवत नाही. पीसीआय आणि यूएसबी या बसवरील उपकरणे विचारणा होताच आपला निर्माता आणि प्रकार सांगणारे क्रमांक स्वतःच कळवतात आणि उरलेली माहिती फर्मवेअरमधील, म्हणजे संगणकात कायम साठवलेल्या प्रोग्राममधील, एसीपीआय नावाचे हार्डवेअरवर्णनाचे तक्ते पुरवतात. आय-टू-सी व एसपीआय या साध्या बसवर किंवा यूआर्ट या सिरियल जोडणीवर जोडलेल्या चिपला अशी ओळख देण्याची सोय नसते. आय-टू-सी बसवर षोडशमानातील (१६ च्या पायावरील अंकलेखनातील) ४८ या पत्त्यावरून उत्तर आले, तर तेथे काहीतरी आहे एवढेच कळते. ते तापमापक आहे की अ‍ॅनालॉगचे डिजिटल करणारा परिवर्तक, हे कळत नाही, कारण दोन्ही प्रकारच्या चिप या पत्त्यावर मिळतात. अंदाजाने लिहून पाहावे, तर एखाद्या वीजनियंत्रक चिपचे व्होल्टेज बदलण्याचा धोका असतो. म्हणून बोर्ड बनवणाऱ्यानेच बोर्डाची माहिती लिहून द्यावी लागते.

मराठवाड्यातील वाचकाला ही कल्पना सातबाऱ्यावरून लवकर उमगेल. गट क्रमांक, क्षेत्र, भोगवटादार, विहीर आणि पीकपाहणी यांच्या नोंदी असलेला उतारा पाहून बँक कर्जाचा निर्णय घेते. दर वेळी कोणी मोजणी करायला शेतावर जात नाही. डिव्हाइस ट्री हा बोर्डाचा असाच उतारा आहे. उताऱ्यावर विहीर लिहिली म्हणून शेतात पाणी लागत नाही, तशी ट्रीमध्ये चिप लिहिली म्हणून ती बोर्डावर येत नाही. परंतु उतारा वाचणारा विहीर आहे असे धरूनच पुढचा व्यवहार करतो आणि ड्रायव्हरही तेच करतो. एका बाबतीत मात्र ही तुलना थांबते. सातबाऱ्यावर यंदा काय पेरले याची नोंद असते; डिव्हाइस ट्रीमध्ये बोर्ड कोणत्या कामाला लावला आहे, हे येऊ नये. तिने हार्डवेअर सांगावे, धोरण सांगू नये, हा या पद्धतीचा मूळ दंडक आहे आणि तो पाळला जावा असे या क्षेत्रातील जाणकार आग्रहाने सांगतात.

या पद्धतीचे मूळ सन मायक्रोसिस्टिम्सच्या ओपनबूट फर्मवेअरमध्ये आहे. त्यावरून तयार झालेले ओपन फर्मवेअर हे मानक १९९४ मध्ये आयट्रिपलई १२७५ या क्रमांकाने प्रसिद्ध झाले आणि अ‍ॅपलच्या पॉवरपीसी संगणकांतही ते वापरले गेले. तेथे ट्री फर्मवेअर स्वतः स्मृतीत उभी करीत असे. लहान बोर्डांवर एवढे मोठे फर्मवेअर परवडणारे नव्हते. म्हणून २००५ च्या सुमारास लिनक्सच्या पॉवरपीसी शाखेत ट्री आधीच तयार करून एका सपाट बायनरी ठोकळ्याच्या रूपात कर्नलला देण्याची रीत आली. आर्म प्रोसेसरांच्या जगात तेव्हा बूटलोडर कर्नलला केवळ एक यंत्रक्रमांक आणि काही किरकोळ माहिती देत असे, बाकीचे वर्णन प्रत्येक बोर्डासाठी सी भाषेतील वेगळ्या फाइलमध्ये असे. अशा फाइलींचा ढीग इतका वाढला की २०११ च्या मार्चमध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी त्याबद्दल उघड नाराजी व्यक्त केली आणि त्यानंतर आर्म शाखा वेगाने डिव्हाइस ट्रीकडे वळली. पुढे २०१६ मध्ये डिव्हाइस ट्रीचे स्वतंत्र विनिर्देशपत्र निघाले. यू-बूटचा प्रवास याला समांतर आहे. वोल्फगांग डेंक यांच्या पीपीसीबूट या प्रकल्पाला २००२ मध्ये यू-बूट हे नाव मिळाले आणि २०१४ मध्ये त्यात नवे ड्रायव्हर मॉडेल आल्यावर बूटलोडरही डिव्हाइस ट्रीवर चालू लागला.

रचना समजण्यासाठी एक बोर्ड डोळ्यांसमोर ठेवणे सोयीचे ठरेल. छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज किंवा चिकलठाणा औद्योगिक वसाहतीतील एखाद्या छोट्या कारखान्याने जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या बागांसाठी ठिबक सिंचनाचा नियंत्रक तयार केला आहे, असे समजू. त्यावर बीगलबोन ब्लॅक या प्रसिद्ध बोर्डावरचाच टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा एएम३३५एक्स जातीचा प्रोसेसर, ५१२ मेगाबाइट रॅम, आय-टू-सीवर तापमापक, आरएस-४८५ या सिरियल तारेवर पाण्याचे मीटर आणि झडपा चालवणारे रिले (विजेवर चालणारे स्विच) आहेत. शेतीची थ्री फेज वीज पाळीने येते. म्हणून हा बोर्ड जवळजवळ रोज बंद होतो आणि रोज नव्याने सुरू होतो. बूटलोडरची परीक्षा येथे रोज होते.

या बोर्डाची ट्री म्हणजे नोडमध्ये नोड अशी रचना; नोड म्हणजे एका घटकाची नोंद. मुळाशी बोर्डाचा नोड, त्यात प्रोसेसर, रॅम आणि चिपमधील अंतर्गत उपकरणे. आय-टू-सी नियंत्रकाच्या नोडच्या पोटात तापमापकाचा नोड. प्रत्येक नोडमध्ये प्रॉपर्टी, म्हणजे नाव आणि मूल्य अशा ओळी, असतात. 'कम्पॅटिबल' या प्रॉपर्टीत निर्माता आणि चिपचे नाव स्वल्पविरामाने जोडून लिहिलेले असते आणि ड्रायव्हर हेच नाव पाहून आपला नोड ओळखतो. 'रेग' मध्ये पत्ता असतो: या प्रोसेसरच्या पहिल्या यूआर्टचा षोडशमान पत्ता ४४ई०९००० आहे, आणि नोडच्या नावातही '@' नंतर तोच लिहिण्याचा प्रघात आहे. 'स्टेटस' मध्ये 'ओके' असेल तर उपकरण वापरायचे, 'डिसेबल्ड' असेल तर सोडून द्यायचे. प्रोसेसरचे वर्णन सर्व बोर्डांना सारखे असल्याने ते सामाईक फाइलमध्ये असते आणि तेथे बहुतेक उपकरणे 'डिसेबल्ड' ठेवलेली असतात. बोर्डाची फाइल ती समाविष्ट करून घेते आणि ज्यांच्या तारा खरोखर बाहेर आणल्या आहेत तेवढीच उपकरणे चालू करते. एका नोडने दुसऱ्याचा उल्लेख करायचा असेल, उदाहरणार्थ तापमापकाची इंटरप्टची तार कोणत्या जीपीआयओ (सर्वसाधारण कामाच्या पिनांच्या) नियंत्रकाकडे जाते हे सांगायचे असेल, तर त्याच्या लेबलचा आधार घेतात. बायनरीत त्या लेबलच्या जागी 'पीहँडल' नावाचा अंक येतो.

'रेग' मधील आकडे कसे वाचायचे, हे मात्र त्या नोडमध्ये लिहिलेले नसते. ते वरच्या नोडमधील 'ॲड्रेस-सेल्स' आणि 'साइझ-सेल्स' या दोन प्रॉपर्टी ठरवतात. एक सेल म्हणजे ३२ बिटांचा एक अंक. दोन्हींचे मूल्य १ असेल, तर आपल्या बोर्डाची रॅम '८००००००० २०००००००' अशी दोन अंकांत लिहितात: पहिला आरंभपत्ता, दुसरा षोडशमानात लिहिलेला ५१२ मेगाबाइटचा आकार. ६४ बिटांच्या प्रोसेसरवर दोन्हींचे मूल्य बहुधा २ असते आणि तीच रॅम '० ८००००००० ० २०००००००' अशी चार अंकांत येते. दुसऱ्या बोर्डाच्या फाइलमधून ही ओळ उचलून आणली आणि वरचा नोड पाहायचा राहिला, तर दोन प्रकारची चूक होते. दोन अंकांची ओळ २ आणि २ च्या घरात गेली, तर दोन्ही अंक मिळून एकच अवाढव्य पत्ता बनतो, आकार उरतच नाही, आणि भाषांतर करणारा प्रोग्राम लांबी चुकल्याची सूचना देतो. चार अंकांची ओळ १ आणि १ च्या घरात गेली, तर अर्थ असा लागतो की शून्य पत्त्यापासून २ गिगाबाइटचा एक आणि तेथूनच ५१२ मेगाबाइटचा दुसरा, असे रॅमचे दोन पट्टे आहेत. लांबी बरोबर भरल्यामुळे ही दुसरी चूक निमूट पार पडते. ती शोधायला लागणारा वेळ लक्षात घेता, ओळ उचलण्यापूर्वी वरचा नोड वाचण्याची सवय प्रत्येक शिकणाऱ्याने सुरुवातीलाच लावून घेणे अत्यावश्यक आहे.

मजकुराच्या फाइलचे बायनरी रूपांतर 'डीटीसी' हा प्रोग्राम करतो. तयार झालेल्या ठोकळ्याच्या आरंभी ४० बाइटचा मथळा असतो आणि त्यातील पहिला अंक षोडशमानात 'डी००डीएफईईडी' असा असतो. बूटलोडर प्रथम हीच खूण तपासतो. सर्व अंक मोठे टोक आधी, म्हणजे सर्वांत मोठ्या स्थानाचा बाइट आधी, या क्रमाने साठवले जातात, मग प्रोसेसरचा स्वतःचा क्रम कोणताही असो.

आता बूटलोडरच्या स्वतःच्या ट्रीकडे वळू. वीज येताच प्रोसेसरमधील कायमस्वरूपी प्रोग्राम कार्डावरून किंवा फ्लॅशमधून यू-बूटचा एक छोटा पहिला भाग उचलतो. बाहेरची रॅम तेव्हा सुरूच झालेली नसते, त्यामुळे हा भाग चिपच्या पोटातील स्मृतीतच मावला पाहिजे. एएम३३५एक्समध्ये ती ६४ किलोबाइटच्या दोन तुकड्यांची आहे. एवढ्या जागेत पूर्ण ट्री ठेवणे परवडत नाही. म्हणून यू-बूट बांधताना ट्री छाटली जाते आणि सुरुवातीच्या टप्प्यात लागणाऱ्या नोडवर 'बूटपीएच' या शब्दाने सुरू होणारी खूण केलेली असेल, तेवढेच नोड पहिल्या भागासाठी उरतात. पूर्वी या खुणा यू-बूटच्या खासगी होत्या. २०२३ पासून यू-बूटने सर्वमान्य नावे स्वीकारली. २०२४ पासून कर्नलकडील बोर्डवर्णने यू-बूटच्या संग्रहात जशीच्या तशी घेण्याचीही सोय झाली, आणि यू-बूटपुरत्या जादा खुणा त्याच नावाच्या एका छोट्या पुरवणी फाइलमध्ये ठेवतात.

ही खूण राहून गेली की काय होते, ते एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही. ज्यावर बूटलोडर संदेश छापतो त्या कन्सोलच्या यूआर्टवर खूण नसेल, तर त्याचा नोड छाटला जातो, ड्रायव्हरला काही सापडत नाही आणि सिरियल तारेवर एक अक्षरही उमटत नाही. वीज आहे, रॅम ठीक आहे, सोल्डरिंगही नीट आहे, तरी पडदा कोरा. अशा वेळी हार्डवेअरवर संशय घेऊन चिप बदलण्याआधी यू-बूटमधील 'डीबग यूआर्ट' चा पर्याय चालू करून पाहावा. तो ट्रीला न विचारता थेट दिलेल्या पत्त्यावर अक्षरे लिहितो. त्यातून अक्षरे आली आणि नेहमीच्या कन्सोलवर आली नाहीत, तर दोष वर्णनात शोधायचा, हे निश्चित होते.

कर्नलला द्यायची ट्री यू-बूट रॅममध्ये आणतो आणि हाती देण्यापूर्वी तिच्यात काही नोंदी स्वतः करतो: रॅमचा प्रत्यक्ष मोजलेला आकार, इथरनेटचा मॅक पत्ता (जाळ्यावरील त्याचा ओळखक्रमांक), आणि 'चोझन' या नोडमध्ये कर्नलची आदेशओळ, म्हणजे सुरू होताना त्याला द्यायच्या सूचना. महसुली भाषेत बोलायचे तर हे फेरफार आहेत. मूळ फाइलमध्ये दिसणारे आणि कर्नलला मिळालेले यांत म्हणूनच तफावत असू शकते. एकाच बूटलोडरने अनेक बोर्ड चालवायचे असतील, तर कोणती ट्री द्यायची हेही त्यालाच ठरवावे लागते. बीगलबोनवर यासाठी आय-टू-सीवरील ईईप्रॉम नावाच्या छोट्या स्मृतिचिपमध्ये बोर्डाचे नाव लिहिलेले असते. ब्लॅकसाठी ते 'ए३३५बीएनएलटी' असे आहे. वर जोडायच्या अतिरिक्त बोर्डांसाठी ओव्हरले नावाचे ट्रीचे तुकडे असतात आणि 'एफडीटी अप्लाय' या आदेशाने ते मूळ ट्रीत मिसळता येतात. तयार ट्रीचा पत्ता ३२ बिटांच्या आर्मवर आर२, ६४ बिटांच्या आर्मवर एक्स० आणि रिस्क-फाइव्हवर ए१ या प्रोसेसरमधील रजिस्टरमधून (अंक ठेवण्याच्या कप्प्यातून) कर्नलकडे जातो.

सिंचन नियंत्रकाच्या बाबतीत सर्वांत जपून लिहिण्याची जागा रिलेच्या पिनांची आहे. जीपीआयओच्या नोंदीत नियंत्रक, पिनचा क्रमांक आणि ध्रुवता (पिनची कोणती स्थिती 'चालू' मानायची) असे तीन भाग असतात. बाजारात मिळणाऱ्या अनेक रिले मॉड्यूलवर पिन शून्यावर आली की रिले ओढला जातो, म्हणजे ध्रुवता 'ॲक्टिव्ह लो' लिहिली पाहिजे. ती 'ॲक्टिव्ह हाय' लिहिली गेली, तर प्रोग्राम बंद म्हणतो तेव्हा झडप उघडते आणि कोणतीही त्रुटी नोंदली जात नाही. रात्रीच्या पाळीत वीज आली, बोर्ड सुरू झाला आणि बागेत पाणी चालू राहिले, हे सकाळीच कळणार. शिवाय कर्नल सुरू होईपर्यंतचे काही सेकंदही मोजावे लागतात. तेवढ्या काळात पिन सुरक्षित स्थितीत राहावी म्हणून 'जीपीआयओ हॉग' ही प्रॉपर्टी लावता येते. ती यू-बूटच्या ट्रीत असेल आणि यू-बूटमध्ये तो पर्याय चालू असेल, तर बूटलोडरच पिन धरून ठेवतो. पाण्याची ददात असलेल्या जालना-बीडच्या पट्ट्यात ही एक ओळ लिहिण्याचा आळस कोणी करू नये.

तपासणीची साधने पुरेशी आहेत. 'डीटीसी' च्या सूचना शून्यावर आणणे ही पहिली पायरी; कोणत्या चिपच्या नोडमध्ये कोणती प्रॉपर्टी चालते याचे नियम यॅमल या मजकुराच्या ठरावीक रूपात लिहिलेले असतात आणि त्यांच्याशी ट्री ताडून पाहता येते. परंतु ध्रुवता, पिनक्रमांक किंवा पत्ता सर्किट डायग्रामशी जुळतो की नाही, हे कोणताही प्रोग्राम सांगू शकत नाही. त्यासाठी डायग्राम शेजारी ठेवून ओळ ओळ वाचावीच लागते. बोर्ड टेबलावर असताना यू-बूटच्या कन्सोलवर 'एफडीटी प्रिंट' देऊन रॅममध्ये आणलेली ट्री पाहता येते. लिनक्स सुरू झाल्यावर सर्व फेरफारांसह मिळालेली ट्री 'प्रॉक' खालील 'डिव्हाइस-ट्री' या निर्देशिकेत फाइलींच्या रूपात दिसते, आणि 'डीटीसी' तिचे उलट दिशेने पुन्हा मजकुरात रूपांतर करू शकतो. मूळ फाइल हरवलेल्या जुन्या बोर्डाचे वर्णन या मार्गाने परत मिळवता येते. फक्त लेबलांच्या जागी पीहँडलचे अंक येतात आणि लिहिणाऱ्याने केलेल्या टिपा मिळत नाहीत.