अपडेट-ब्लॉकर डिलीट करण्याआधी हे वाचा
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

आमच्याकडे दोन तक्रारी पुन्हा पुन्हा येतात. पहिली: "विंडोज अपडेट सुरूच होत नाही, ८००७०४२२ आकड्याचा एरर येतो." दुसरी: "सेटिंग्जमध्ये लिहून येतं की काही सेटिंग्ज तुमची ऑर्गनायझेशन सांभाळते. हे आमचं घरचं मशीन, मग ही ऑर्गनायझेशन कुठली?" दोन्हींचं मूळ बहुतेक वेळा एकच निघतं. कधीतरी अपडेट थांबवायला बाहेरचं टूल चालवलेलं असतं, आणि काम झालं म्हणून ते डिलीट केलेलं असतं.

टूल डिलीट केलं तरी त्याने घातलेली बंदी तशीच राहते. या माहितीपत्रकातलं एवढं एकच वाक्य लक्षात ठेवलंत तरी तुमचा आणि आमचा बराच वेळ वाचेल.

विंडोज अपडेट ब्लॉकर, स्टॉपअपडेट्स१० यांसारखी टूल्स विंडोजच्या आतले काही स्विच खाली करतात आणि बाजूला होतात. स्विच खाली करणारा माणूस निघून गेला म्हणून स्विच आपोआप वर जात नाही. त्यातली काही टूल्स इन्स्टॉलही होत नाहीत, नुसतं डेस्कटॉपवर एक फोल्डर असतं. त्यामुळे कंट्रोल पॅनलमध्ये शोधलं तर नावही सापडत नाही, आणि फोल्डर रीसायकल बिनमध्ये गेलं की मागे काही खूणच उरत नाही.

खाली केलेले स्विच कोणते, तेही पाहू. 'विंडोज अपडेट' ही सर्व्हिस (विंडोजमध्ये मागे चालणारा प्रोग्रॅम) 'डिसेबल्ड' म्हणजे बंद केली जाते; ८००७०४२२ चा अर्थ तेवढाच. पण ही सर्व्हिस बंद दिसली की 'विंडोज अपडेट मेडिक सर्व्हिस' ती पुन्हा चालू करते. म्हणून टूल मेडिकलाही बंद करतं, आणि काही टूल्स तर त्या सर्व्हिसच्या परवानग्याच बदलतात. मग तुम्ही अ‍ॅडमिनिस्ट्रेटर असलात तरी 'अ‍ॅक्सेस डिनाइड' येतं. काही टूल्स सर्व्हिसला हात न लावता रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या आतल्या नोंदवहीत, पॉलिसी म्हणजे सक्तीचा नियम लिहितात. ती 'ऑर्गनायझेशन' तिथून उगवते. यूट्यूबवर पाहून चालवलेल्या काही स्क्रिप्ट्स याहून पुढे जातात आणि होस्ट्स फाइलमध्ये (कुठल्या साइटसाठी मशीनने कुठे जायचं ते ठरवणारी फाइल) मायक्रोसॉफ्टचे पत्तेच अडवतात. अशा मशीनवर नंतर स्टोअर बिघडतं, कधी अ‍ॅक्टिव्हेशनही अडतं, आणि त्याचा अपडेटशी संबंध असेल असं कुणाच्या मनातही येत नाही.

बंदीचा त्रासही अपडेटच्या रूपात समोर येत नाही, म्हणून तो ओळखता येत नाही. नवा प्रिंटर जोडला तर ड्रायव्हर आपोआप येत नाही. मराठी भाषा जोडायला गेलात तर तिचे घटक डाउनलोड होत नाहीत. जुन्या अकाउंटिंग किंवा रिटर्नच्या सॉफ्टवेअरला डॉट नेट ३.५ लागतं, ते 'विंडोज फीचर्स'मधून चालू करताना अडतं. यातल्या कुठल्याही कारणाने फोन केलात, तर आमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "अपडेट बंद करायला काही टाकलं होतं का?" त्यामागे तुमची चूक काढण्याचा हेतू नसतो. टूलचं नाव कळलं तर साधारण अर्ध्या तासात काम होतं. नाही कळलं तर सर्व्हिसेस, परवानग्या, पॉलिसी, टास्क शेड्युलर, होस्ट्स असं एकेक तपासावं लागतं, आणि दोन-अडीच तास सहज जातात.

टूल अजून मशीनवर असेल, तर आधी तेच उघडा. उजवं बटण दाबून 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करा. 'प्रोटेक्ट सर्व्हिसेस सेटिंग्ज'सारखी टिक असेल तर ती काढा, 'एनेबल' निवडून 'अप्लाय' दाबा आणि मशीन रीस्टार्ट करा. शटडाउन करून पुन्हा चालू करणं पुरेसं धरू नका. मग स्टार्टमध्ये 'सर्व्हिसेस' टाइप करून यादी उघडा. 'विंडोज अपडेट' आणि 'विंडोज अपडेट मेडिक सर्व्हिस' या दोन्हींसमोर 'मॅन्युअल' हवं, 'अपडेट ऑर्केस्ट्रेटर सर्व्हिस'समोर 'ऑटोमॅटिक'. हे जुळलं की मगच टूल डिलीट करा. आधीच डिलीट केलं असेल तर तेच टूल, जमल्यास तीच आवृत्ती, बनवणाऱ्याच्या मूळ साइटवरून पुन्हा उतरवा आणि याच क्रमाने जा. एका टूलने घातलेली बंदी दुसऱ्या टूलने काढायला जाऊ नका. दुसरं टूल स्वतःचेच स्विच वर करतं, पहिल्याचे तसेच राहतात, आणि मग गुंता सोडवायला आम्हालाही वेळ लागतो.

टूल उतरवताना अँटीव्हायरस अडवतो म्हणून तो बंद करून पुढे जाणारेही आहेत. कृपया असं करू नका. याच नावांच्या नकली फायली भरपूर फिरतात.

"मग तुम्हीच ब्लॉकर का टाकून देत नाही?" हेही खूपदा विचारलं जातं. आम्ही टाकत नाही, आणि दुरुस्तीला आलेलं मशीन अपडेट चालू करूनच परत देतो. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने जगभर मशीन लॉक केली, तेव्हा त्या भोकाचं ठिगळ मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच, म्हणजे जवळपास दोन महिने आधी दिलेलं होतं. दुसरीकडे अपडेटनेच घोटाळा होतो, हेही खरं. ऑक्टोबर २०१८ च्या अपडेटने काहींच्या डॉक्युमेंट्स फोल्डरमधल्या फायली उडवल्या. मार्च २०२१ मध्ये प्रिंट दिली की काही प्रिंटरवर निळी स्क्रीन येत होती. सप्टेंबर २०२१ नंतर शेअर केलेल्या प्रिंटरवर '११बी'ने संपणारा एरर कित्येक ऑफिसांनी पाहिला. म्हणून आमचं मत असं: अपडेट कायमचं बंद ठेवू नये, आणि आलं त्याच दिवशी घेऊही नये.

त्यासाठी बाहेरचं टूल लागत नाही. महिन्याचं मुख्य अपडेट दुसऱ्या मंगळवारी निघतं, आपल्याकडे रात्री उशिरा, म्हणजे कामाच्या दृष्टीने बुधवारी. त्या मंगळवारची तारीख ८ ते १४ मधली. जीएसटीच्या मासिक रिटर्नपैकी जीएसटीआर-१ ची ११ तारीख नेमकी यातच येते, ३बी ची २० तारीख पाठोपाठ असते, आणि पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी लाइट जाण्याची शक्यता असतेच. अपडेट अर्ध्यावर असताना लाइट गेली तर छोटा यूपीएस पुरेलच असं नाही. त्यामुळे ऑफिसांसाठी आम्ही २० तारीख उलटल्यानंतरचा पहिला शनिवार धरतो. तोवर अपडेट निघून ११ ते १८ दिवस झालेले असतात आणि त्यात काही मोठी खोट असेल तर बहुधा कळलेली असते.

त्या शनिवारी सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर 'रिझ्यूम अपडेट्स' दाबा, सगळं बसू द्या, रीस्टार्ट करा, पुन्हा 'चेक फॉर अपडेट्स' दाबून काही उरलं नाही ना ते बघा, आणि मग 'पॉज अपडेट्स'मध्ये पाच आठवडे निवडा. पॉज जास्तीत जास्त ३५ दिवस चालतो. अशा दोन शनिवारांमधलं अंतर २८ किंवा ३५ दिवसांचंच असतं, त्यामुळे हिशेब बरोबर बसतो. पॉज असताना डिफेंडरच्या (विंडोजच्या स्वतःच्या अँटीव्हायरसच्या) व्हायरस-व्याख्या येत राहतात, होम आवृत्तीतही हे सगळं चालतं. 'गेट द लेटेस्ट अपडेट्स अ‍ॅज सून अ‍ॅज दे आर अव्हेलेबल' हे बटण मात्र बंद ठेवा. आणि 'अ‍ॅक्टिव्ह अवर्स' स्वतः भरा; या तासांत मशीन अपडेटसाठी आपोआप रीस्टार्ट होत नाही. कमाल १८ तास देता येतात, उदाहरणार्थ सकाळी ७ ते रात्री १. क्लिनिक आणि झेरॉक्सच्या दुकानांना याचा उपयोग होतो.

बाहेरची टूल्स सरसकट वाईट आहेत असं आमचं म्हणणं नाही. ठरावीक एकच ड्रायव्हर पुन्हा पुन्हा बसून प्रिंटर बिघडवत असेल, तर मायक्रोसॉफ्टचं 'शो ऑर हाइड अपडेट्स' किंवा 'डब्ल्यूयूएमजीआर' हे बाहेरचं टूल वापरून तेवढा लपवता येतो. विंडोज ११ ची आवृत्ती बदलू नये पण सुरक्षा अपडेट येत राहावेत, यासाठी 'इनकंट्रोल' चांगलं आहे. मात्र त्यात घातलेला आवृत्तीचा आकडा वहीत लिहून ठेवा. होम आणि प्रो आवृत्तीला २४ महिने सपोर्ट असतो, तो संपला तरी कुलूप तसंच राहिलं तर सुरक्षा अपडेटही थांबतात. भोसरीतल्या वर्कशॉपमध्ये सीएनसीला (संगणकावर चालणाऱ्या कटिंग मशीनला) जोडलेल्या जुन्या पीसीचं गणित वेगळं: ते इंटरनेटपासून तोडून ठेवणं हाच आमचा सल्ला.

विंडोज १० वाल्यांसाठी: नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पुढच्या सुरक्षा अपडेटसाठीची ईएसयू (एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट्स) नोंदणी विंडोज अपडेटच्याच पानावरून होते आणि मशीन २२एच२ आवृत्तीवर, चालू अपडेटसह असावं लागतं. ब्लॉकर बसलेल्या मशीनवर आधी तो निघाला पाहिजे.

आमच्या एएमसीत (वार्षिक देखभाल करारात) वर सांगितलेली शनिवारची फेरी धरलेली आहे: आधी बॅकअप, मग अपडेट, मग तुमच्या समोर टॅली उघडून आणि एक प्रिंट काढून दाखवणं. एएमसी नसेल तरी मशीन आणताना कागदावर तीन गोष्टी लिहून आणा: वापरलेल्या टूलचं नाव, साधारण महिना, आणि बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की. ही की नसेल तर मशीन ताब्यात घेण्याआधी ती मायक्रोसॉफ्ट अकाउंटवरून काढून घ्यायला आम्ही काउंटरवरच मदत करतो.