ऊसतोडीला निघताना मुलांचा दाखला काढू नका, शिक्षण हमी पत्रक घ्या

दसरा-दिवाळीला टोळ्या निघतात आणि कारखान्याजवळच्या शाळांत दरवर्षी तेच ऐकू येतं: "शाळा सोडल्याचा दाखला आणा, मग बघू." बीडहून सांगली-कोल्हापूरला आलेला माणूस दाखल्यासाठी माघारी कसा जाणार? कोयता बंद राहिला, म्हणजे तोडणी थांबली, तर मुकादमाकडून (टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून) घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ पैसे, फिटत नाहीत. मग पोरगं कोपीवरच (तात्पुरत्या झोपडीवर) राहतं, धाकट्याला सांभाळत.

मुलाला असं परत पाठवायचा अधिकार सरकारी किंवा अनुदानित शाळेला नाही. शिक्षण हक्क कायदा २००९, वय ६ ते १४. कलम ५ सांगतं की दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. जन्माचा पुरावा नाही म्हणूनही नाही (कलम १४), आणि वर्ष अर्धं सरलं म्हणूनही नाही (कलम १५). आधारची सक्ती या वयाच्या मुलांच्या प्रवेशाला करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच सांगितलंय. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला यांचा तर संबंधच नाही. वीटभट्टीवरच्या किंवा बंदरात बोटीवर कामाला आलेल्या खलाशांच्या मुलांनाही हेच लागू.

तरीही एक कागद सोबत असावा: शिक्षण हमी पत्रक. गाव सोडण्याआधी आपल्याच शाळेतून ते मागून घ्यायचं. मूल कितवीत आहे, कुठवर शिकलंय, हे त्यावरून नव्या शाळेला कळतं. बरेच पालक घाईत दाखलाच काढतात. एप्रिलमध्ये परतायचं असेल तर तसं करू नका, नाव गावच्या पटावर राहू द्या. पत्रक न घेता गेलात आणि मूल महिनाभर कुठल्याच शाळेत दिसलं नाही, तर ते शाळाबाह्य धरलं जातं. "ऑनलाइन नाव दुसऱ्या शाळेत दिसतंय" असं कुणी म्हटलं तर ते दोन मुख्याध्यापकांनी आपसात मिटवायचं काम आहे. पालकाला त्यासाठी हेलपाटे कशाला?

आजी-आजोबा गावी राहणार असतील तर हंगामी वसतिगृह बघा, म्हणजे आईबाप तोडणीवर असताना मुलांनी गावातच राहून शिकावं यासाठीची सोय. ते शाळा व्यवस्थापन समिती चालवते. इथे लोक तारखेत फसतात. टोळी निघायच्या दिवशी चौकशी करून उपयोग नसतो, कारण स्थलांतर करणाऱ्यांच्या मुलांची यादी त्याआधीच वर गेलेली असते. गुरुजी सर्वेक्षणाला येतील तेव्हाच नाव द्या. कर्नाटकातल्या कारखान्यावर जाणार असाल तर माझ्या मते हाच मार्ग बरा. हक्क तिथेही आहे, पण जवळची शाळा बहुधा कन्नड असते.

ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीचं संत भगवानबाबा वसतिगृह ही वेगळी योजना. ती समाजकल्याणची, अर्जही वेगळा. तिथे आईबाप ऊसतोड कामगार असल्याचा पुरावा लागतो, आणि हाच कागद कुणाकडे नसतो. मुकादमाशी झालेला व्यवहार तोंडी, किंवा करारनामा त्याच्याच पिशवीत. त्यासाठी ग्रामसेवकाकडून (आता पदनाम ग्रामपंचायत अधिकारी) ओळखपत्र काढावं लागतं, सलग तीन वर्षं तोडणी केली असेल तर. नोंदणीच्या वेळी तुम्ही फडात असता आणि ग्रामपंचायत गावात, याचा विचार योजना आखणाऱ्यांनी केलेला दिसत नाही! म्हणून हे काम पावसाळ्यातच उरका. नवरा-बायको दोघांची नावं वेगवेगळी लावा. कोयता जोडीचा असला तरी नोंद माणसाची होते.

पाचवी आणि आठवीच्या पालकांनी जास्त जपावं. या दोन वर्गांना आता वार्षिक परीक्षा आहे. नापास झालं तर पुनर्परीक्षा, आणि त्यातही नापास झालं तर मूल त्याच वर्गात. परीक्षेच्या वेळी कुठे असाल ते दोन्ही शाळांना आधी सांगा, आणि परतताना तिकडच्या शाळेतून हजेरी व गुणांचा कागद सहीशिक्क्यानिशी घ्या.

नववी-दहावीला हा कायदा पुरत नाही. दहावीचा बोर्डाचा फॉर्म दिवाळीच्या आसपासच भरायचा असतो. तो भरल्याची खात्री करूनच ट्रॅक्टरात बसा.

एवढं करूनही कुणी प्रवेश नाकारला तर भांडू नका. "नकार लेखी द्या" म्हणा. निम्म्या वेळा तिथेच काम होतं. नाही झालं तर त्या तालुक्याच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे साध्या कागदावर अर्ज द्या आणि पोच घ्या.