‘आपलं’ भरीत की ‘आमचं’?

परवा जळगावला एका लग्नात पुण्याच्या पाहुण्याने सहज विचारलं, भरतात टोमॅटो नाही घालत का? झालं! माझा मावसभाऊ, एरवी बोलतो की नाही अशी शंका यावी असा माणूस, ताट ठेवून उभाच राहिला, "आमच्या भरतात टोमॅटो नस्तं भो!" शेजारचे काका म्हणे खान्देशी रक्त आहे, उसळणारच. काका, ब्लड रिपोर्टमधे ‘खान्देशी’ असा कॉलम नसतो हो. चौदा-पंधरा वर्षांची पोरं नुसती चित्रांच्या आवडीवरून दोन गटांत वाटली (खरं तर ते वाटपही रँडमच होतं) तरी ती आपल्या गटाला झुकतं माप देतात, हे मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेलने १९७१ मधेच दाखवलंय.

पण गंमत अशी की हे ‘आपलेपण’ मोजता येतं. साधी पद्धत म्हणजे ‘मी स्वतःला या गटातला मानतो’ असं वाक्य द्यायचं आणि १ ते ७ मधे मार्क मागायचे. माझा आवडता प्रश्न मात्र माएल आणि अ‍ॅशफोर्थ या संशोधकांच्या १९९२ च्या प्रश्नावलीतला, तुम्ही तुमच्या संस्थेबद्दल बोलताना ‘वी’ (we) म्हणता की ‘दे’ (they)? त्याआधी १९७६ मधे चाल्डिनी या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या कॉलेजच्या पोरांना फोन करून त्यांच्या फुटबॉल टीमच्या मॅचबद्दल विचारलं होतं, तर जिंकलेल्या मॅचला ‘आपण जिंकलो’ जास्त, हरलेल्याला ते ‘आपण’ गळायचं.

आता हे मराठीत आणताना खरी पंचाईत होते, कारण इंग्रजीत ‘वी’ एकच, आपल्याकडे ‘आम्ही’ आणि ‘आपण’ दोन. पाहुण्याला भाऊ ‘आमच्या’ म्हणाला म्हणजे तू बाहेरचा, आणि लगेच माझ्याकडे वळून ‘आपलं भरीत याला काय कळणार’ म्हणजे मी आतला, म्हणजे एकाच शब्दात गटाची वेसही दिसते आणि ऐकणारा वेशीच्या कुठल्या बाजूला तेही, मग मार्क नेमके कशाला द्यायचे? नुसतं भाषांतर करून प्रश्नावली वाटली तर दोन वेगळ्या गोष्टी एका आकड्यात कोंबल्या जातात. (मोबाईलवर फिरणाऱ्या ‘तुम्ही किती टक्के खान्देशी’ टाइप क्विझबद्दल तर बोलायलाच नको.)

म्हणून काही संशोधक शब्दच टाळतात, गोलांच्या सात जोड्या दाखवतात, एक गोल तुम्ही, दुसरा तुमचा गट, पहिल्या जोडीत दोघं वेगवेगळे, शेवटच्या जोडीत जवळजवळ एकावर एक. मी पत्रिकेच्या पाठीमागे काढून भावाला दाखवले, त्याने न बघताच सातव्यावर बोट ठेवलं. मावशी बराच वेळ कागद फिरवून बघत होती, मग म्हणाली, "यातला मी कोणता आन् खान्देश कोणता ते लिही ना आधी."