ऑस्ट्रेलियातल्या कम्युनिटी रेडिओवर लोकल गप्पा एवढ्या का असतात? थोडी पार्श्वभूमी

ऑस्ट्रेलियात कम्युनिटी रेडिओ (म्हणजे नफ्यासाठी नाही, तर तिथल्याच लोकांच्या गटाने बहुतेक स्वयंसेवकांवर चालवलेलं स्टेशन) लावला की दोन गोष्टी हमखास कानावर पडतात. एक म्हणजे कुणाच्या तरी घरच्या कलेक्शनमधली गाणी, आणि दुसरं म्हणजे गावातल्याच कुणाशी तरी चाललेल्या निवांत गप्पा. चर्चच्या हॉलमध्ये कॉयर (समूहगायन) घेणाऱ्या बाई, मातीची भांडी करणारे, भिंतींवर म्युरल रंगवणारी पोरं, हौशी नाटकवाले, यांना अर्धा अर्धा तास माईकसमोर बसवतात. विचारणारा माणूसही बहुतेक वेळा पगारी नसतो, दिवसभर दुसरी नोकरी करून आलेला असतो, त्यामुळे मधेच अडखळतो, चुकीचं बटण दाबतो आणि त्याचं कुणाला काही वाटत नाही. नवीन आलेल्या आपल्या लोकांना हे सुरुवातीला कच्चं काम वाटतं. पण हा प्रकार असा का आहे ते बघायचं तर लायसन्सच्या भांडणात शिरावं लागतं, आणि त्याहून जास्त जाहिरातीच्या नियमात.

फार मागचं सांगत बसत नाही. तिथे सुरुवातीच्या काळापासून रेडिओचे दोनच प्रकार मुरले, एक सरकारी आणि दुसरा जाहिरातींवर चालणारा खाजगी, आणि १९४२च्या कायद्यातही तेच दोन होते. तिसऱ्याला जागाच नव्हती. एफएमचे प्रयोग १९४०च्या दशकाच्या शेवटी सुरू झाले होते, पण १९६१ साली ते चक्क बंद केले कारण जगभर एफएमसाठी वापरतात तो फ्रिक्वेन्सीचा पट्टा तिथे टीव्ही चॅनेल्सना देऊन टाकला होता. हा निर्णय त्यांना पुढे बरीच वर्षं नडला. टीव्हीवाल्यांना त्या पट्ट्यातून पूर्ण बाहेर काढेपर्यंत नव्वदचं दशक उजाडलं.

आणि गंमत बघा, या बंदीविरुद्ध पहिले चिडले ते कुणी क्रांतिकारक नव्हते, पाश्चात्त्य शास्त्रीय संगीताचे रसिक होते. त्यांना स्टिरिओ पाहिजे होता. त्यांच्या जोडीला विद्यापीठं होती, त्यांना रेडिओवरून शिकवायचं होतं. मग व्हिएतनाम युद्धाच्या विरोधातून तयार झालेले विद्यार्थी आले आणि स्थलांतरित मंडळी आली ज्यांना आपल्या भाषेत बोलायचं होतं. या चौघांचं एकमेकांशी फारसं पटणारं नव्हतं, पण मागणी एकच होती, आम्हाला लायसन्स द्या.

अ‍ॅडलेडच्या विद्यापीठाने १९७२ मध्ये आधी नंबर लावला. त्यांना जागा दिली ती १६३० किलोहर्ट्झवर, म्हणजे तेव्हाच्या साध्या रेडिओच्या काट्याच्या पलीकडे, मुद्दाम ट्यून करून शोधावं लागेल अशी. मग १९७४ मध्ये एका चौकशी समितीने एफएम परत त्याच जुन्या पट्ट्यात आणा असं सांगितलं आणि १५ डिसेंबर १९७४ला सिडनीत संगीतरसिकांचं 2एमबीएस (नावाआधीचा आकडा राज्याचा) सुरू झालं, पूर्णवेळ एफएमची तिथली सुरुवात हीच. पुढच्या वर्षी जुलैत मेलबर्नचं झालं.

कायद्यात तिसरा प्रकार नसताना हे जमवलं कसं? तर १९०५चा एक जुना वायरलेस तारायंत्राचा कायदा होता, त्याच्या आधारे मंत्र्याला प्रायोगिक परवाने देता येत होते. सप्टेंबर १९७५ मध्ये मंत्र्यांनी याच वाटेने १२ शिक्षणसंस्थांना लायसन्स देऊ केलं, आणि ११ नोव्हेंबरला गव्हर्नर जनरलने अख्खं सरकारच बडतर्फ केलं. थोडा उशीर झाला असता तर या सगळ्याचं काय झालं असतं कोण जाणे. खाजगी रेडिओवाले तर हे मागच्या दाराने चाललंय असं म्हणतच होते आणि तांत्रिकदृष्ट्या ते अगदीच खोटं नव्हतं.

माझा स्वतःचा जीव या पुढच्या चार-पाच वर्षांत जास्त रमतो, त्यामुळे इथे थोडं रेंगाळतो. ब्रिस्बेनला ८ डिसेंबर १९७५ला विद्यापीठाच्या कॅम्पसवरून विद्यार्थ्यांनी 4झेडझेड (नंतरचं 4झेडझेडझेड) सुरू केलं. क्वीन्सलँडमधलं तेव्हाचं राज्य सरकार अतिशय कडक होतं, सप्टेंबर १९७७ मध्ये त्यांनी रस्त्यावरच्या राजकीय मोर्च्यांवर जवळपास बंदी घातली आणि जिथे इतर माध्यमं जपून बोलत होती तिथे या पोरांनी बातम्या सरळ दिल्या. पण त्यांचं दुसरं काम मला जास्त महत्त्वाचं वाटतं. शहरातल्या नव्या बँडना वाजवायला जागा मिळत नव्हत्या, तर स्टेशनने स्वतः हॉल घेऊन कार्यक्रम लावले, त्यातून पैसे उभे केले आणि तेच बँड दुसऱ्या दिवशी स्टुडिओत येऊन बोलायचे. आज ज्याला लोकल आर्ट्स शो म्हणतात त्याची रीत अशी गरजेतून पडली. डिसेंबर १९८८ मध्ये विद्यार्थी संघटनेत विरुद्ध विचारांचे लोक निवडून आल्यावर त्यांनी पहाटे स्टेशनच बंद पाडलं, समर्थकांनी येऊन ते परत ताब्यात घेतलं, शेवटी कॅम्पस सोडावाच लागला आणि पुढे त्यांनी कम्युनिस्ट पक्षाची जुनी इमारत विकत घेतली.

मेलबर्नची तऱ्हा वेगळी. तिथे १९७६ मध्ये 3सीआर सुरू झालं, कामगार संघटना आणि वस्तीतले गट मिळून, तेही एएमवर. त्याच वर्षी बॅथर्स्टसारख्या राजधानीबाहेरच्या गावातही स्टेशन झालं आणि तिथून या गोष्टीला ग्रामीण अंग आलं, जे आज सगळ्यात मोठं आहे पण त्याबद्दल लिहितं मात्र कुणी फारसं नाही.

स्थलांतरितांची कहाणी थोडी वाकडी आहे. १९७५ च्या जूनमध्ये सिडनी आणि मेलबर्नला बहुभाषिक प्रसारण सुरू केलं ते मुळात सरकारची नवी आरोग्य योजना १ जुलैपासून लागू होणार होती ती लोकांना त्यांच्या भाषेत समजावी म्हणून, आणि तेही तात्पुरतं. सिडनीत सात भाषा, मेलबर्नमध्ये आठ. तात्पुरतं ते कायमचं झालं आणि १९७८ पासून त्यासाठी वेगळी सरकारी संस्था आली. पण त्याच १९७५ मध्ये मेलबर्नला सरकारी रेडिओने 3झेडझेड नावाचं आणखी एक स्टेशन काढलं होतं, तत्त्व असं की ज्याला बोलायचंय त्या गटाने यावं, तंत्र आम्ही शिकवतो, मजकूर तुमचा. ते १९७७ मध्ये नव्या सरकारने बंद केलं. लोकांनी निदर्शनं केली, उपयोग झाला नाही. बारा वर्षांनी, १९८९ मध्ये, मेलबर्नच्या भाषिक गटांनी स्वतःचं स्टेशन काढलं आणि नावात एक झेड वाढवला, 3झेडझेडझेड. हा टोमणा ज्यांना कळायचा त्यांना कळला.

१९७८ मध्ये कायदा दुरुस्त होऊन तिसऱ्या प्रकाराला अधिकृत जागा मिळाली, शैक्षणिक, विशेष आवडीचे आणि एखाद्या भागापुरते असे तीन गट पाडले. आणि इथून तो वाद सुरू झाला ज्याच्याबद्दल मला खरं लिहायचं होतं.

जाहिरात घ्यायची नाही हे पहिल्यापासून ठरलेलं होतं. का, तर खाजगी स्टेशनांच्या पोटावर पाय नको. हे कारण आदर्शवादी भाषेत सांगतात, लोकांचा रेडिओ बाजारापासून मुक्त वगैरे, पण त्यात खाजगी मालकांची सोय होती हे विसरू नये. मग खर्च कसा भागवायचा? सभासदांची वर्गणी, वर्षातून एकदा रेडिओथॉन करून श्रोत्यांकडे हात पसरायचा, थोडं सरकारी अनुदान (ते वाटायला १९८४ मध्ये स्वतंत्र संस्था झाली), आणि चौथं म्हणजे प्रायोजक. प्रायोजकाची कमाल बघा. सुरुवातीला जवळजवळ नाव, पत्ता आणि धंदा काय एवढंच सांगायची मुभा होती. म्हणजे अमुक बेकरी, अमुक रस्ता, यांच्या सहकार्याने, आणि पाव ताजा आहे असं म्हटलं की झाली जाहिरात! मग हळूहळू ढील मिळत गेली. १९९२चा नवा कायदा आला त्यात जाहिरातीला बंदी कायम, पण प्रायोजकाचा मालही सांगता येतो, फक्त हा आम्हाला पैसे देतो हे स्पष्ट म्हणायचं आणि तासाला ठरावीक मिनिटंच. आधी चार मिनिटं होती, नंतर पाच झाली, कम्युनिटी टीव्हीला सात.

आता ऐकणाऱ्याला प्रायोजकाचा स्पॉट आणि जाहिरात यात फरक कळतो का? खरं सांगायचं तर नाही. शेवटी ‘आमचे प्रायोजक’ हे दोन शब्द लावले की काम होतं. काही स्टेशनं याला ढोंग म्हणतात आणि व्यापारी प्रायोजक घेतच नाहीत, काही म्हणतात वीजबिल तत्त्वावर भरता येत नाही. दोघांचंही खरं आहे, पण माझा कल पहिल्यांकडे आहे हे लपवत नाही.

आणि याच नियमातून गप्पांचा कार्यक्रम वाढला. एक तर तो सगळ्यात स्वस्त. दोन माईक आणि एक पाहुणा, झालं. नाटक रेकॉर्ड करायला, बातमीदार ठेवायला पैसे लागतात, गावातला चित्रकार फुकट येतो आणि चार मित्रांना ऐकायला सांगतो. दुसरं म्हणजे तासाला पाचच मिनिटं विकता येत असल्याने उरलेली पंचावन्न भरायची असतात आणि कुणाला घाई नसते, खाजगी रेडिओवर अडीच मिनिटांत उरकतात ती मुलाखत इथे चाळीस मिनिटं चालते. तिसरं जरा कायदेशीर आहे. लायसन्स पाच वर्षांचं असतं आणि नूतनीकरणाच्या वेळी स्थानिक लोकांना चालवण्यात आणि कार्यक्रमात सहभाग दिला का हे दाखवावं लागतं. वर्षभराच्या पाहुण्यांची यादी हा त्याचा सोपा पुरावा.

गुंता पुढे आहे. समजा गॅलरीवाली बाई मुलाखतीला आली, प्रदर्शन कधी, तिकीट किती, चित्रं कितीला विकतेय सगळं बोलली. ही जाहिरात का? कायदा म्हणतो, बोलण्याच्या ओघात आलं आणि स्टेशनने त्याबद्दल काही घेतलं नाही तर नाही. पण हीच गॅलरी त्या महिन्यात प्रायोजक असेल तर? मग ही मुलाखत कशातली? पाच मिनिटांत धरायची की नाही? तक्रार झाली तर आधी स्टेशनने ६० दिवसांत उत्तर द्यायचं, समाधान नाही झालं तर नियामकाकडे. यामुळे बरीच स्टेशनं कार्यक्रम ठरवणारे आणि प्रायोजक आणणारे वेगळे ठेवतात. छोट्या गावात हे कसं जमणार, तिथे दोन्ही कामं एकच निवृत्त शिक्षक करतो आणि गॅलरीवाली त्याची शेजारीण असते.

आपल्याकडे भारतात कॅम्पस रेडिओला २००२ मध्ये आणि स्वयंसेवी संस्थांच्या रेडिओला २००६ मध्ये परवानगी मिळाली. आपल्या नियमात २००६ पासूनच तासाला पाच मिनिटं सरळ जाहिरात चालायची, २०२४ मध्ये ती बारा मिनिटं झाली, पण स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. तिकडे बरोब्बर उलटं. पुण्यातल्या कॅम्पस रेडिओवर काम केलेल्यांना हा फरक लगेच कळेल.

आदिवासी लोकांचा रेडिओ हा वेगळा मोठा विषय आहे, थोडक्यात सांगतो. अ‍ॅलिस स्प्रिंग्ज या वाळवंटातल्या गावात १९८० मध्ये त्यांची स्वतःची माध्यम संस्था झाली, आधी दुसऱ्यांच्या स्टेशनवर तासभर मागून घ्यायचे, १९८५ मध्ये स्वतःचं 8किन सुरू झालं. त्याच वर्षी देशाचा पहिला दूरसंचार उपग्रह गेला आणि वाळवंटातल्या वस्त्यांवर अचानक इंग्रजी टीव्ही येऊन पडणार असं दिसलं. दोन वस्त्यांनी तर परवानगीची वाट न बघता स्वतःचं छोटं प्रक्षेपण आधीच चालू केलं होतं. मग १९८७ पासून सरकारने सुमारे ८० दूरच्या वस्त्यांना लहान ट्रान्समीटर दिले, म्हणजे उपग्रहावरून येणारं तोडून मधे आपलं घालता येईल. तिथे म्हाताऱ्या बायकांना गाणी आणि जागांच्या गोष्टी विचारणं हा कार्यक्रम नव्हता, भाषा टिकवायचा उद्योग होता.

नव्वदच्या दशकात मोठ्या शहरांत फ्रिक्वेन्सीसाठी रांगा लागल्या. इच्छुक गट वर्षानुवर्षं तात्पुरत्या परवान्यावर, कधी कधी वेळ वाटून, चाचणी प्रसारण करत बसायचे. त्यातून मेलबर्नला समलिंगी समाजाचं पूर्णवेळ स्टेशन झालं, आणि २००३ मध्ये सिडनीला एफबीआय नावाचं स्टेशन आलं ज्याने स्वतःवरच अट घातली की निम्मं संगीत ऑस्ट्रेलियन आणि त्यातलं निम्मं सिडनीचं. उद्योगाची स्वतःची आचारसंहिता तेव्हा बहुतेक स्टेशनांना फक्त २५ टक्के मागत होती.

कम्युनिटी टीव्हीचे मात्र हाल झाले. २०१४ मध्ये मंत्र्यांनी सांगितलं की कम्युनिटी टीव्हीने हवेतून उठून इंटरनेटवर जावं, २०१५ अखेर मुदत. मग ती मुदत वाढली, परत वाढली, अनेकदा वाढली, आणि तोवर सिडनी, ब्रिस्बेन, पर्थ एकेक करत बंद झाले, उरले मेलबर्न आणि अ‍ॅडलेड. ज्या फ्रिक्वेन्सीसाठी हाकललं तिचं पुढे काय करायचं हे मात्र कुणी धड सांगितलं नाही.

रेडिओ त्या मानाने तगला. ४५०च्या वर स्टेशनं आहेत, पाच मोठ्या राजधान्यांत २०११ पासून डिजिटलवर पण आहेत, बहुतेक मुलाखती आता पॉडकास्ट म्हणून पडतात. यात एक गोष्ट बाहेरून घडली. २०२० मध्ये एका मोठ्या कंपनीने शंभराच्या वर लोकल पेपरांची छपाई एका झटक्यात थांबवली, बरेचसे नुसते ऑनलाइन ठेवले, बाकीचे कायमचे गेले. त्या गावांत आता कोणतं प्रदर्शन कधी, हॉलमध्ये नाटक कुणाचं, कॉयरला नवे आवाज पाहिजेत का, हे विचारायला माईक घेऊन बसलेला एक फुकट काम करणारा माणूस उरलाय. अनुदान वाढवून मागताना स्टेशनं आता हाच मुद्दा पुढे करतात आणि खाजगी रेडिओवाले अजूनही ती पाच मिनिटं मोजत बसलेत.