डॅशबोर्ड जुना का दिसू लागतो?

गाडीचा बाहेरचा रंग पॉलिशने उजळतो, आतलं वय मात्र लपत नाही. उन्हाने आणि हाताळणीने जे खराब झालं ते बऱ्याच अंशी सुधारता येतं. नुसतीच फॅशन मागे पडली असेल, तर खर्च करण्याआधी जरा थांबा, असंच आम्ही डॅशबोर्ड दुरुस्त करणारे सुचवतो.

अनेक डॅशबोर्डचं आवरण पीव्हीसीचं असतं. ते मऊ राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर मिसळतात. उन्हाच्या तापाने ते हळूहळू बाहेर पडतं आणि पुढच्या काचेवर आतून धुरकट, तेलकट थर धरतो. मऊपणा गेला की आवरण आकसतं, मग एसीच्या जाळीपाशी किंवा एअरबॅगच्या कडेला तडे जातात. एअरबॅगच्या झाकणावरचा तडा कृपया स्वतः बुजवू नका, वरून कव्हरही चिकटवू नका. ते झाकण ठरलेल्या रेषेवरच फाटायला हवं, त्यावर जिवाची सुरक्षितता अवलंबून आहे.

बटणं चिकट होतात ती मळाने, असं अनेकांना वाटतं. खरं तर त्यांच्यावरचा रबरासारखा मऊ लेप उष्णतेने आणि दमटपणाने विरघळू लागलेला असतो. रगडून पुसलं की लेपाबरोबर बटणावरची चिन्हंही जातात.

आता स्क्रीनबद्दल. 1986 च्या ब्यूक रिव्हिएरा या अमेरिकी गाडीमध्ये टचस्क्रीन होता, तोही जुन्या टीव्हीसारख्या पिक्चर ट्यूबचा. त्या काळी तो भविष्यातला वाटे. आज गाडीचं वय पहिल्यांदा तोच सांगतो. जुना टेप 180 बाय 50 मिलिमीटरच्या ठरावीक खाचेत बसायचा, बिघडला की दुसरा बसवता यायचा. आता एसीही स्क्रीनमध्येच असेल, तर तो बदलणं सोपं राहत नाही. म्हणूनच साधे, न पाहता हाताला सापडणारे नॉब आम्हाला मनापासून आवडतात. गाड्यांची सुरक्षितता तपासून गुण देणाऱ्या युरो एनसीएपी या युरोपीय संस्थेनेही 2026 पासून इंडिकेटर, वायपर, हॉर्न यांसारख्या कामांना प्रत्यक्ष बटणं किंवा दांडे असण्याला गुणांकनात महत्त्व दिलं आहे. तुमच्या गाडीतले नॉब धड असतील तर ते काढून मोठा स्क्रीन बसवण्याची घाई करू नका.

रोजची काळजी फार नाही. गाडी उन्हात उभी करताना काचेला सनशेड लावा. धूळ ओलसर मायक्रोफायबरने टिपा. चकचकीत काळ्या पट्ट्यांवर कोरडं फडकं फिरवलं की चरे पडतात. डॅशबोर्डला चमक आणणारे सिलिकॉनचे स्प्रे टाळा, ती चमक काचेत उमटते आणि चालवताना डोळ्यांवर येते.

काम विचारायला येताना तड्याचा जवळून आणि पूर्ण डॅशबोर्डचा लांबून, असे दोन फोटो आणा. एअरबॅगचा भाग असेल तर आधी तसं सांगा.