मेंदूतला रक्तस्राव आणि अँटिऑक्सिडंट औषधं: पार्श्वभूमी

ब्रेन हॅमरेजमध्ये मेंदूला मार दोनदा बसतो. रक्तवाहिनी फुटते, रक्त साचून गाठ होते, तिचा दाब आजूबाजूच्या पेशींवर येतो, हा पहिला. दुसरा पुढच्या काही दिवसांत, गुपचूप. गाठीतल्या तांबड्या पेशी फुटू लागतात, हिमोग्लोबिन बाहेर पडतं आणि त्याचे तुकडे होताना लोह सुटं होतं. एक मिलिलिटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. म्हणजे ३० मिलिलिटरच्या गाठीत सुमारे १५ मिलिग्रॅम, आणि तेही अशा जागी जिथे लोहाचा कण न् कण प्रथिनांच्या पहाऱ्यात असायला हवा.

सुटं लोह काय करतं, याचा धागा मेंदूशी काडीचाही संबंध नसलेल्या एका प्रयोगात सापडतो. १८९४ मध्ये हेन्री फेंटन यांनी लोह आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र आलं की टार्टारिक आम्लाचं जोरात ऑक्सिडेशन होतं, असं दाखवलं. या क्रियेत हायड्रॉक्सिल नावाचा अत्यंत आक्रमक फ्री रॅडिकल (शेजारच्या रेणूंवर झडप घालणारा अस्थिर कण) तयार होतो, हे कळायला पुढे बरीच वर्षं गेली. पेशींच्या स्निग्ध आवरणावर तो तुटून पडतो, आणि मेंदूत स्निग्ध पदार्थांची रेलचेल. १९६९ मध्ये जो मॅककॉर्ड आणि आयर्विन फ्रिडोविच यांनी सुपरऑक्साइड डिसम्युटेज हे रॅडिकल निकामी करणारं एन्झाइम ओळखलं. शरीर स्वतःच रॅडिकल्सचा बंदोबस्त करतं म्हटल्यावर बाहेरून मदत, म्हणजे अँटिऑक्सिडंट औषधं, देण्याची कल्पना ओघानंच आली. १९७८ मध्ये उंदीर आणि मांजरांच्या मेंदूत लोहाचं द्रावण टोचलं, तर तिथे फिट्ससारखे विद्युत झटके उमटू लागले. संशयित समोर उभा होता.

तरीही पहिली औषधं आली ती दुसऱ्याच तर्कानं: रॅडिकल तयार झाला की टिपायचा. मेंदूच्या आवरणाखालच्या रक्तस्रावासाठी १९९० च्या दशकात टिरिलॅझॅड आजमावलं गेलं. युरोप-ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत मोठ्या डोसचा फायदा दिसला, तोही पुरुषांत. उत्तर अमेरिकेतल्या चाचणीत तो टिकला नाही. जपाननं २००१ मध्ये एडाराव्होनला मान्यता दिली, पण गुठळीनं रक्तपुरवठा तुटलेल्या स्ट्रोकसाठी. एनएक्सवाय-०५९ हेही मुळात त्याच प्रकारच्या स्ट्रोकचं औषध. रक्तस्रावाच्या ६०७ रुग्णांवर ते सहा तासांच्या आत देऊन पाहिलं, तर त्रास वाढला नाही आणि उपयोगही झाला नाही. माझ्या मते चूक औषधात जितकी, तितकीच उसनवारीत होती. गुठळीच्या स्ट्रोकमधली घाई तासांची असते. इथे तांबड्या पेशी दिवसेंदिवस फुटत राहतात. एकदा टिपून काय होणार, लोहाचा नळ तर चालूच.

नळ बंद करण्याचा विचार मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी नेटानं पुढे नेला. थॅलेसेमियाच्या रुग्णांना साठलेलं लोह काढायला दिलं जाणारं डेफेरॉक्सामाइन त्यांनी रक्तस्राव घडवलेल्या उंदरांना दिलं, आणि मेंदूची सूज कमी झाली. जुनं, परिचित औषध. आशा वाटणं स्वाभाविक. माणसांत मात्र रोज किलोमागे ६२ मिलिग्रॅमचा डोस देणारी चाचणी २०१३ मध्ये थांबवावी लागली, कारण काही रुग्णांची फुप्फुसं बिघडली. मग डोस ३२ मिलिग्रॅमवर आणून, तीन दिवस, नवी चाचणी झाली. २०१९ मध्ये निकाल आला: ९० दिवसांनी स्वतःचं स्वतः करू शकणारे रुग्ण औषधाच्या गटात ३४ टक्के, औषध नसलेल्या गटात ३३ टक्के.

दरम्यान, २०१२ मध्ये लोहावर अवलंबून असलेल्या पेशीमृत्यूला ‘फेरॉप्टोसिस’ हे नाव मिळालं आणि शोधाला नवी दिशा. लोह बांधण्यासोबत स्निग्ध आवरणाचं ऑक्सिडेशनही रोखणारे रेणू सध्या प्राण्यांवर तपासले जात आहेत. (जीवनसत्त्वांच्या गोळ्यांच्या डब्यावर छापलेल्या ‘अँटिऑक्सिडंट’शी याची गल्लत नको.) दवाखान्यात मात्र आज भर आहे तो रक्तदाब लवकर आटोक्यात आणणं, साखर आणि ताप सांभाळणं, रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा परिणाम उलटवणं यावर. हे सगळं एकत्र केलं तर रुग्ण अधिक बरे होतात, हे २०२३ मधल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीनं दाखवलं. त्या यादीत अँटिऑक्सिडंट औषध एकही नाही.